वाड्याच्या भिंतीला वर्षभर सेन्सर: एक लाख बेचाळीस हजारांत काय मिळालं

पैसे आधी सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. बारा महिन्यांचे एक लाख बेचाळीस हजार, जीएसटी धरून. त्यात भेगेची हालचाल मोजणारे तीन क्रॅकमीटर, भिंतीचा कल मोजणारे दोन टिल्टमीटर, तापमान-आर्द्रता मोजणारा एक डबा, सगळ्यांचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा, सिमकार्डावर चालणारा गेटवे आणि दर महिन्याला एक पीडीएफ. एजन्सी अहमदाबादची. नाव लिहीत नाही. पोरं कष्टाळू होती, माझं भांडण त्यांच्या कामाच्या पद्धतीशी आहे. याशिवाय भेगेवर चिकटवायला मी स्वतः ऑनलाइन मागवलेल्या चार ॲक्रिलिकच्या पट्ट्या, सहाशे रुपयांना एक. आणि एक दोनशे पानी वही, ती घरात पडलेलीच होती.

आमचा वाडा बडोद्यात, दांडिया बाजाराच्या आतल्या बाजूला. शंभरी कधीच ओलांडलेला. सागाचे खांब, खाली दगडी तळखडे, वर तुळया आणि कडीपाट, आणि भिंती त्या जुन्या पातळ विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. शेजारचा असाच एक वाडा 2023 मध्ये पाडला. तिथे सहा मजले आणि खाली गाड्यांसाठी तळघर व्हायचं होतं. म्हणजे आमच्या मागच्या भिंतीला चिकटून खड्डा खणणार, हे दिसतच होतं.

आणि त्या भिंतीला भेग होतीच. माजघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघून जिन्याकडे तिरकी उतरलेली, वर रुंद, खाली निमुळती. वरच्या टोकाला रुपयाचं नाणं उभं जायचं. पुण्याच्या भाऊजींचा वाड्यात निम्मा हिस्सा आहे. ते गणपतीत आले, त्यांनी भेगेत नाणं घालून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, आता विकून मोकळं होऊ या. ही भिंत काही राहत नाही."

मी पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये काढली. प्रेशर गेज, थर्मोकपल, डायल गेज, जे येईल ते तपासायचं आणि सही करायची. त्यामुळे 'राहत नाही' असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, कशावरून? नाणं जातं म्हणून? इंग्लंडच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची भेगांची एक वर्गवारी इंजिनिअर लोक वापरतात, तीत पाच मिलीमीटरपर्यंतची भेग 'किरकोळ' खात्यात जाते. पण रुंदी हा मुळात अर्धाच प्रश्न. दोन मिलीमीटरची भेग ऐंशी वर्षं तशीच असेल तर ती घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी, आहे ती आहे. तीच गेल्या सहा महिन्यांत दोन मिलीमीटर झाली असेल तर सामान बांधायला घ्यावं. हे ठरवायला मोजत बसण्यावाचून उपाय नाही, आणि तेही निदान एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा. म्हणून एजन्सी.

जानेवारी 2024 मध्ये दोन मुलं आली. तासाभरात एपॉक्सी कालवून पहिला क्रॅकमीटर चिकटवायला निघाली, तोही थेट गिलाव्यावर. मी बोटाच्या पेराने गिलावा वाजवून दाखवला. विटेवर घट्ट बसलेला गिलावा 'टक' बोलतो, सुटलेला 'भद्' बोलतो. भेगेच्या दोन्ही अंगांना हातभर तो भद् भद् करत होता. म्हटलं, अरे बाबा, हा तर भिंतीपासून सुटलेला पापुद्रा. याच्यावर लावलंस तर तू पापुद्रा मोजणार, भिंत नाही. मुलगा म्हणाला, "बेन, ए तो सॉफ्टवेअरमां ॲडजस्ट थई जाय." सॉफ्टवेअरमध्ये गिलावा चिकटत नाही. शेवटी गल्लीतल्या गवंड्याला बोलावलं, त्याने तळहाताएवढे सहा चौकोन हळूहळू ठोकून विटेपर्यंत उघडे केले, मग विटेवर बुडं बसली. या कामाला अर्धा दिवस गेला आणि साडेआठशे रुपये माझे. पण कुणी ही सेवा घेणार असेल तर एवढं जरूर पाहा. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं, हे होत नाही.

सेन्सर तपासल्याची सर्टिफिकेटं मागितली तर दोन दिवसांनी आली. एका सेन्सरच्या सर्टिफिकेटवर सीरियल नंबरच्या शेवटी 17, सेन्सरवर 71. विचारलं तर "टायपिंग मिस्टेक". असेलही. आमच्या लॅबमध्ये या चुकीला मेमो मिळायचा.

आता यंत्राविषयी थोडं. क्रॅकमीटर म्हणजे भेगेवर आडवा टाकलेला एक दांडा. एक टोक या बाजूच्या विटेत, दुसरं त्या बाजूच्या. भेग उघडली की दांडा ओढला जातो, मिटली की दाबला जातो, आणि तेवढी हालचाल विजेच्या भाषेत गेटवेकडे जाते. दर पंधरा मिनिटांनी एक आकडा. मोबाइलवर आलेख दिसतो. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे या आलेखाचं क्रिकेटच्या स्कोअरसारखं झालं होतं, हे तर चहा पिताना वाचून दाखवायचे.

त्या आलेखात रोज एक लाट असते. दुपारी भेग मिटते, पहाटे उघडते, साधारण 0.1 मिलीमीटरने. भिंत पश्चिमेची, दुपारनंतर तापते, विटा फुगतात, भेग आवळते. हे बरोबरच. पण आमचा दांडा 200 मिलीमीटरचा, स्टीलचा. स्टील एका अंशाला एक मीटरमागे साधारण 0.012 मिलीमीटर वाढतं. एप्रिलमध्ये त्या भिंतीवर पहाट आणि दुपार यांत वीस अंशांचा फरक पडतो. गुणाकार करा: जवळजवळ 0.05 मिलीमीटर. म्हणजे त्या लाटेतला निम्मा नाच भिंतीचा नव्हेच, यंत्राचाच. तापमानाचा डबा बसवलेला होता, आकडे त्यांच्याकडे येत होते, पण वजावट कुणी करतच नव्हतं! मे महिन्याच्या रिपोर्टनंतर मी मेल करून करून ती करवून घेतली.

त्याआधी व्हायचं ते झालंच होतं. 20 एप्रिलच्या पहाटे 4 वाजून 50 मिनिटांनी सगळ्यांच्या फोनवर लाल संदेश: क्रॅकमीटर दोन, मर्यादा ओलांडली. मर्यादा सुरुवातीच्या मापापेक्षा 0.5 मिलीमीटर जास्त, आकडा 0.51. 'सगळ्यांच्या' म्हणजे पुण्यालाही. पाच वाजता धाकट्या जावेचा फोन, "वहिनी, आधी बाहेर पडा, पर्स घ्या आणि बाहेर पडा." मी बॅटरी घेऊन माजघरात गेले. भेग होती तिथे होती. ॲक्रिलिकची पट्टी पाहिली, खूण होती तिथेच. दुपारी यंत्राचा आकडा 0.42 वर आला, संदेश नाही. आनंदाची बातमी कळवायची सोय त्यात नसते.

या पट्ट्यांबद्दल सांगायला हवं. दोन पारदर्शक पाट्या, एकीवर मिलीमीटरचे चौकोन, दुसरीवर लाल फुली; एक भेगेच्या डावीकडे चिकटवायची, एक उजवीकडे, एकमेकींवर येतील अशी. फुली सरकली की चौकोनांवर वाचायचं. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही, भिंगानेसुद्धा नाही. बारीक वाचायला मी भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खुंट्या बसवून घेतल्या आणि माझ्या जुन्या व्हर्नियरने दर रविवारी सकाळी सातला अंतर घेत गेले. वहीत तारीख, आकडा, हवा, आणि शेजारी काय चाललंय. 'खड्ड्यात मशीन चालू.' 'वरच्या टाकीचा पाइप गळतो.' 'नळ नाही.' 'काल रात्री वळीव.' एजन्सीकडे वर्षभरात प्रत्येक यंत्राचे पस्तीस हजारांच्या आसपास आकडे जमले, माझ्याकडे बावन्न. पण भेग का हलली हे सांगायची वेळ आली की वहीच उघडावी लागायची, कारण शेजारी काय लिहिलंय ते आकड्याला ठाऊक नसतं.

उन्हाळ्यात भेग उघडत गेली, मेच्या शेवटी व्हर्नियरवर 0.9 मिलीमीटर जास्त. भाऊजींनी पुन्हा विक्रीचा विषय काढला. आमच्या वाड्याखाली काळी चिकण माती आहे. ती वाळली की आकसते, ओली झाली की फुगते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल अशा चिरा पडतात ती हीच. म्हटलं, पाऊस पडू दे, मग बोलू. जुलैत आकडा खाली यायला लागला. ऑगस्टच्या मध्याला 0.3 उरला. भिंत श्वास घेत होती, इतकंच. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा तो मोठा घुमट आहे ना, ब्रुनेलेस्कीचा, त्याच्या भेगाही ऋतूप्रमाणे अशाच उघडतात-मिटतात. तिथे 1980 च्या दशकापासून शंभराहून अधिक यंत्रं लावून ठेवली आहेत. आम्ही त्या मानाने गरीब.

मग आला ऑगस्टचा शेवट. 2024 चा तो पूर बडोदेकरांना वेगळा सांगायला नको. विश्वामित्री नदी शहरात शिरली, मगरी रस्त्यांवर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी, जोत्याला लागलं नाही एवढंच नशीब. वीज गेली ती तीन दिवस. गेटवेची बॅटरी नऊ तासांत संपली. सेन्सरांच्या पोटात आकडे साठत असतील असा माझा समज, तसं करारात लिहिल्यासारखं होतं. वीज आल्यावर कळलं की साठवण गेटवेमध्ये होती, सेन्सरमध्ये नाही. वर्षभरात ज्या तीन दिवसांसाठी मी हे पैसे भरले, तेच तीन दिवस आलेखात कोरे. ऑगस्टच्या रिपोर्टात त्या जागी त्यांनी सरळ रेघ ओढून दोन टोकं जोडली होती. हे मात्र मला फार लागलं. आकडा नसेल तर नाही म्हणावं, रेघ ओढू नये. त्या मुलावर मी फोनवर ओरडले, नंतर वाईट वाटलं, रेघ तर सॉफ्टवेअरनेच ओढलेली. ते तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती धरून पट्ट्या वाचल्या. वहीत आहेत.

इथपर्यंत वाचून वाटेल की एजन्सीचे पैसे पाण्यात गेले. नाही गेले, आणि ते टिल्टमीटरमुळे.

टिल्टमीटर म्हणजे भिंतीला ठोकलेली साबणाच्या वडीएवढी डबी. भिंत ओळंब्यातून किती झुकली ते सांगते. सुरुवातीला मला तिचा रागच यायचा, कारण रिपोर्टात आकडा अंशांत आणि दशांशानंतर सहा घरं: 0.004213. नऊ मीटर उंचीच्या भिंतीला हे वरच्या टोकाशी पाऊण मिलीमीटरसुद्धा होत नाही, आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे नुसती खरखर. एक मीटर उंचीला किती मिलीमीटर, असं लिहिलं तर गवंड्यालाही कळेल. सांगून पाहिलं, सप्टेंबरपासून दोन्ही लिहायला लागले.

दिवाळीनंतर शेजारी खड्डा आमच्या भिंतीच्या बाजूला खोल व्हायला लागला. आठ-नऊ दिवस क्रॅकमीटर ढिम्म. रोजची लाट, बाकी काही नाही. पण एक नंबरचा टिल्टमीटर, तो भिंतीच्या वरच्या भागात होता, रोज थोडा थोडा एकाच दिशेला जात होता. खड्ड्याकडे. ऊन असो, थंडी असो, वर-खाली नाही, फक्त पुढे. अकरा दिवसांत मीटरला 0.21 मिलीमीटर, म्हणजे भिंतीच्या माथ्याशी दोनाला थोडं कमी. दहाव्या दिवशी जिन्याजवळच्या ॲक्रिलिक पट्टीवर फुली अर्ध्या चौकोनाने खाली उतरलेली दिसली. आडवी नाही, उभी. क्रॅकमीटर फक्त आडवं उघडणं-मिटणं मोजत होता. भिंतीचा एक तुकडा दुसऱ्याच्या अंगावरून खाली घसरतोय हे त्याला कळायची सोयच नव्हती. सहाशे रुपयांच्या पाटीला कळलं.

मी आणि हे, आलेखाची प्रिंट घेऊन साइटवर गेलो. बिल्डरच्या इंजिनिअरने आधी नेहमीचं सांगितलं, जुनी भिंत आहे, हलणारच, आमची कंपनं मर्यादेत आहेत. कंपनं मर्यादेत होती हे खरं. एजन्सीने चार दिवस कंपनमापक भाड्याने लावला होता, सर्वांत मोठा धक्का सेकंदाला 2.1 मिलीमीटर, नाजूक जुन्या इमारतींसाठी जर्मन मानकात कमी वारंवारतेला 3 ची मर्यादा आहे. पण हा मामला धक्क्यांचा नव्हताच, आधार जाण्याचा होता. मी त्याच्यापुढे दोन कागद ठेवले: एकावर टिल्टची रेघ, दुसऱ्यावर वहीतली त्याच्या खड्ड्याची रोजची खोली. (ही मी आमच्या गच्चीवरून, कामगारांच्या शिडीच्या पायऱ्या मोजून लिहीत होते. एक पायरी एक फूट.) खड्डा थांबला त्या रविवारी रेघही आडवी होती. त्याने कागद बराच वेळ पाहिले, मग चहा मागवला. चौथ्या दिवशी खड्ड्यात आडवे लोखंडी टेकू लागले. त्यानंतर रेघ सपाट. यंत्रं उतरेपर्यंत सपाट.

या कामात यंत्राचा धर्म हाच, मला वाटतं, कुणाला तरी वेळेवर थांबवणं. पिसाच्या मनोऱ्याचं वाचलं होतं. 1995 च्या सप्टेंबरात तिथे दुरुस्तीसाठी पायाजवळची जमीन गोठवायला घेतली, आणि मनोरा एका रात्रीत वर्षभराइतका कलला. यंत्रांनी ते लगेच दाखवलं, काम थांबलं, आधी ठेवलेल्या शिशाच्या वजनांत भर टाकली. पुढे उलट्या बाजूची माती थोडी थोडी काढून मनोऱ्याचा कल माथ्याशी सुमारे 45 सेंटीमीटर कमी केला, तेव्हा रोज आधी आकडे पाहायचे आणि मग ठरवायचं की आज किती माती काढायची. 1990 मध्ये बंद केलेला मनोरा 2001 च्या डिसेंबरात लोकांना उघडला. आपल्याकडे याउलट. लक्ष्मी विलास राजवाडा आखणाऱ्या मेजर मँटची गोष्ट बडोद्यात सगळ्यांनी ऐकलेली असते: आपली गणितं चुकली, वाडा पडणार, या धास्तीने त्याने म्हणे जीव दिला. तो 1881 मध्ये गेला, त्याच्यामागून आलेल्या वास्तुविशारद चिझमने राजवाडा 1890 मध्ये पुरा केला, आणि अजून उभा आहे. लहानपणी मला ती भुताची गोष्ट वाटायची. आता वाटतं, बिचाऱ्याला कुणीतरी एक ओळंबा लावून द्यायला हवा होता.

वर्षाच्या शेवटी भेग सुरुवातीपेक्षा 0.3 मिलीमीटर जास्त. कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या सरांना वही आणि सगळे रिपोर्ट दाखवले. त्यांनी आधी वही वाचली. 'टाकीचा पाइप गळतो' या नोंदी बोटाने मोजल्या, अकरा. म्हणाले, आधी तो पाइप बदला, भिंतीच्या बुडाशी पाणी जिरतंय, माती एकाच जागी फुगतेय. मग चुन्याचा पातळ गारा भेगेत भरा, सिमेंट अजिबात नको, आणि वरच्या तुळईशी भिंत लोखंडी पट्टीने बांधून घ्या. सगळं मिळून एजन्सीच्या बिलापेक्षा कमी खर्च आला. त्याआधी एका ठेकेदाराने याच भिंतीला पाया खोदून नवीन काँक्रीट घालायचे साडेनऊ लाख सांगितले होते.

देवघराच्या भिंतीला आणखी एक भेग आहे, तिचं सांगायचं राहिलं. तिच्यावर मामंजींनी प्लास्टरने चिकटवलेली काचेची एक पट्टी आहे, बोटाएवढी, आणि बाजूला भिंतीवर पेन्सिलीने तारीख, 27-1-2001. भूकंपाचा दुसरा दिवस. जुनी पद्धत ती: भेग हलली तर काच तडकते. चोवीस वर्षं काच अखंड. एजन्सीचा मुलगा शेवटी यंत्रं उतरवायला आला तेव्हा त्याने तिचाही फोटो काढला, आणि अंतिम रिपोर्टात ती आली आहे. 'पूर्वीचे उपकरण, स्थिती: चालू.' भाऊजींनी तो फोटो पुण्याहून मला परत पाठवला, विक्रीचा विषय न काढता.

पुढच्या वर्षासाठी त्यांनी एक लाख दहा हजार सांगितलेत. मी दोन टिल्टमीटरच हवेत म्हणून कळवलंय, क्रॅकमीटर नकोत, आणि सेन्सरच्या पोटात निदान पंधरा दिवसांची साठवण लेखी हवी. उत्तर अजून नाही. 17 आणि 71 चं सर्टिफिकेटही अजून नाही.